दोन डोंगरांमधला आरसा

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे; पण माझ्यात बघून भांग पाडायला याल तर फसाल. माझा पारा कडेकडेने उडाला आहे. शिवाय नेमक्या मध्यावर, जिथे तुमचं नाक दिसायला हवं, तिथे मसुराच्या डाळीएवढी जागा कोरी आहे. तिथून आरपार दिसतं. घरी आलेले पाहुणे माझ्यात डोकावतात आणि हळहळतात, "काच किती सुरेख! पण मध्येच भोक पडलंय की हो." मी गप्प बसतो. आरशाला तोंड नसतं, नुसती दुसऱ्यांची तोंडं दाखवायची असतात. पण आज तुम्ही बसलाच आहात माझ्यासमोर, तर सांगतो.

माझा जन्म वाळूचा. भट्टीत वाळू वितळली, काच झाली, काच घासून घासून अशी सपाट केली की तिच्यावर पाण्याचा थेंबही गोंधळून जागीच थांबावा. मग कारागिराने मला तळहाताएवढं गोल कापलं आणि पाठीवर पारा चढवला. मी पहिल्यांदा जग पाहिलं ते त्याच्या मिशीसकट. केवढा आनंद झाला! आणि तेवढ्यात त्या माणसाने एक टोकदार सळई घेतली आणि माझ्या पाठीच्या बरोबर मध्यावरचा पारा खरवडून काढला.

इतर आरसे शेजारी ओळीने मांडले होते, सगळे निष्कलंक. कुणी नवरीच्या खोलीत जाणार, कुणी न्हाव्याच्या दुकानात. मलाच तेवढं व्यंग का, ते कळेना. मग मला पितळी चौकटीत बसवलं. चौकटीच्या पाठीलाही नेमकं तिथेच भोक होतं. खाली तिवई, बाजूला दोन बारीक स्क्रू आणि मागे एक खटका, दाबला की मला किंचित झुकवणारा. समोर एक दांडी, तिच्यावर कागदाची चकती.

एका उंच, उघड्या डोंगरावर मला नेलं. तिथे दगडी बांधणीची दोन खोल्यांची चौकी होती आणि तिच्यापुढे दरी. दरी म्हणजे काय, आभाळच उलटं करून ठेवलेलं. पलीकडे निळसर दुसरा डोंगर, आणि त्यावर म्हणे अशीच चौकी होती. नुसत्या डोळ्यांना ती दिसतसुद्धा नव्हती.

चौकीवरचे मास्तर माझ्या मागे उभे राहिले. माझ्या त्या कोऱ्या ठिपक्याला त्यांनी डोळा लावला आणि त्यातून समोरच्या चकतीवर आणि तिच्याही पलीकडे, त्या दूरच्या डोंगरावर नेम धरला. मग स्क्रू फिरवत फिरवत त्यांनी मला सूर्याकडे कलवलं. ठिपक्याची छोटीशी सावली चकतीच्या मध्यावर येऊन बसली, आणि मास्तरांनी खटका दाबला.

मित्रांनो, त्या क्षणाचं मी काय वर्णन करू? सूर्य! ज्याच्याकडे डोळे वर करून बघवत नाही, तो त्या एवढ्याशा काचेला म्हणाला, "घे, ने मला कुठे न्यायचं ते." माझ्या अंगावरून तो उजेड निघाला, दरी ओलांडून गेला. ना पूल लागला, ना वाट, ना घोडं. आणि पलीकडच्या डोंगरावर, भर दिवसा, एक तारा चमकला. त्यांनी उत्तर दिलं होतं!

तेव्हा मला समजलं की माझं व्यंग हा माझा डोळा आहे.

छोटी चमक आणि लांब चमक, एवढीच आमची बाराखडी. त्या दोहोंच्या जुळणीतून एकेक अक्षर व्हायचं. एक शब्द पुरा झाला की पलीकडून एक चमक यायची, म्हणजे "पाहिलं." ती आली तरच पुढचा शब्द पाठवायचा, नाही आली तर थांबायचं, असा चौकीचा नियम होता. सूर्य काही आमच्यासाठी थांबत नसे. तो सरकला की नेम सुटायचा, म्हणून मास्तर एका हाताने खटका दाबत आणि दुसऱ्या हाताने स्क्रू सारखे पिळत राहायचे. काम संपल्यावर मऊ कापडाने मला पुसताना ते पूर्वजांच्या गोष्टी सांगत. माझ्या पूर्वजांच्या, बरं का! सगळ्यांत आधी डोंगरमाथ्यावरचा जाळ. एका डोंगरावर पेटला की दुसऱ्यावर पेटायचा, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. पण त्याला एकच गोष्ट सांगता यायची, आणि तीही आधी ठरवून ठेवलेली. मग आले लाकडी हातांचे मनोरे. हात असा वाकवला की हे अक्षर, तसा वाकवला की ते. "आणि मग तू आलास," असं म्हणून ते माझ्यावर फुंकर मारायचे. मी फुशारून जायचो.

आता खरी गोष्ट सांगतो.

मास्तरांच्या बायकोला सगळे ताई म्हणत, कारण समोरच्या चौकीवर जी मास्तरीणबाई होती ती तिची सख्खी धाकटी बहीण. दोघी बहिणी दोन डोंगरांवर दिलेल्या, आणि दोघींचे नवरे एकमेकांचे साडू. मधे दरी. चालत जायचं तर खाली उतरून, नदीला वळसा घालून, पुन्हा चढून. तान्ह्या पोराला घेऊन कोण जाणार? ताईचं बाळ पाळण्यात होतं. सरकारी निरोप संपले की उरलेल्या उन्हात घरच्या गप्पा चालायच्या. साडू तिकडून चमकवायचे, "आज तुमचा हात जड वाटतो. जेवण जास्त झालं काय?" मास्तर इकडून, "मेहुणीच्या हातचं खाणाऱ्याने बोलू नये." ताई दुर्बिणीला डोळा लावून हसायची. एक पाय पाळण्याच्या दोरीत, एक डोळा दुर्बिणीत. मास्तरांनी तिला शिकवलं नव्हतं. बाळाला झोपवता झोपवता नुसतं बघून बघून ती लखलखीची भाषा शिकली होती. पुढे पुढे तर तीच खटक्यावर बसायची.

धाकटीला दिवस गेले होते. रोज संध्याकाळी तिची चौकशी व्हायची, आणि ताई इथून सल्ले पाठवायची. साडूंनी एकदा कळवलं, "ताई, सूर्य मावळला तरी तुमचे सल्ले संपत नाहीत."

अशातच माझा पारा डागाळू लागला. डोंगरावरची दमट हवा मला मानवत नव्हती. धाकटीचे दिवस भरायला अजून अवकाश आहे, असा हिशेब करून मास्तर मला घेऊन शहरात गेले. तिथल्या आरसेवाल्याचं नाव मोठं होतं. दोन्ही हातांनी मला उचलून त्याने उजेडात धरलं.

"काच उत्तम," तो म्हणाला. "असा पारा चढवून देतो की नातवंडं बघतील."

त्याने शब्द पाळला. जुना पारा उतरवला, नवा चढवला, वर रंगाचा हात दिला. आणि मित्रांनो, त्या भल्या माणसाने माझ्या मध्याचा कोरा ठिपकाही मनापासून, अगदी बेमालूम बुजवून टाकला. अशा सुंदर आरशाला व्यंग राहू देणं त्याच्या कसबाला पटेना. सांगायचीही गरज त्याला वाटली नाही. चांगलं काम काय बोलून दाखवायचं? चौकटीत बसवून, कापडात गुंडाळून त्याने मला मास्तरांच्या हाती दिलं. मास्तर घाईत होते. त्यांनी कापड सोडलं नाही.

आणि खरं सांगू? आतल्या आत मी खूश होतो. आता मीही इतरांसारखा होतो, निष्कलंक.

इकडे डोंगरावर काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. मास्तर निघाले आणि धाकटीला अवेळी कळा सुरू झाल्या. खालच्या गावातली सुईण वेळेवर पोचली, सुटका नीट झाली, आणि ती दुसऱ्या अडलेल्या घरी निघून गेली. सकाळी साडूंचा आरसा उत्तराची वाट न बघताच लखलखला, "मुलगी. दोघी ठीक." ताईने दुर्बिणीतून वाचलं आणि आनंदाने टाळ्या पिटल्या. पण उत्तर द्यायला तिच्याकडे आरसा कुठे होता? तिने आपला वेणीफणीचा आरसा नेऊन हलवून पाहिला. त्याला ना तिवई, ना ठिपका, ना नेम. उजेड दरीत कुठेतरी सांडून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून पलीकडचा तारा पुन्हा पुन्हा चमकू लागला. "ताई आहात का. बाळ पीत नाही." मग थोडं थांबून, "बाळ दूध ओढत नाही. नुसतं झोपतं. रडतही नाही." मग पुन्हा, "ताई आहात का."

ताई तिथेच होती. दुर्बिणीला चिकटून बसली होती. तिला सगळं वाचता येत होतं, सगळं माहीतही होतं, कारण तिचं स्वतःचं पोरही पहिले दोन दिवस असंच निपचित पडून होतं. आणि तिला एक अक्षर पाठवता येत नव्हतं. "आहे रे, आहे! इथेच आहे!" ती मोठमोठ्याने ओरडत होती. आवाज दरीच्या काठावरच विरून जात होता.

ऊन कलायला लागलं तेव्हा मास्तर धापा टाकत चढून आले.

"आधी तो काढा!" ताई धावली.

"अगं, पाणी तरी..."

"पाणी नंतर. पोर पीत नाहीये तिकडे!"

मास्तरांनी कापड सोडलं, मला तिवईवर बसवलं, मागे जाऊन डोळा लावला. आणि तसेच उभे राहिले.

"काय झालं?"

"दिसत नाही."

"काय दिसत नाही?"

"काहीच नाही. भोक..." त्यांनी चौकटीच्या पाठीवरच्या भोकात बोट घातलं. बोटाला गुळगुळीत रंग लागला. "बुजवलं त्याने."

ताई माझ्यासमोर आली. तिचा घामेजला चेहरा, विस्कटलेले केस, तांबारलेले डोळे, सगळं माझ्यात लख्ख दिसत होतं. पण माझ्यातून कुणालाच काही दिसत नव्हतं. मित्रांनो, सगळी फुशारकी तेव्हाच गळून पडली.

ताईने क्षणभर विचार केला. मग आत गेली आणि दुपटी शिवायची सुई घेऊन आली.

"अगं, काय करतेस? सरकारी वस्तू आहे! काच तडकली तर उद्या साहेबांना काय सांगू?"

"सांगा, बायकोने फोडली. धरा नीट. हलू देऊ नका."

तिने चौकटीच्या भोकातून सुई घातली आणि खरवडायला लागली. आधी रंग निघाला. मग पारा, कणाकणाने. मी श्वास रोखून धरला होता. आरशाला श्वास असता तर. मास्तर पुटपुटत होते, "हळू, हळू," आणि ती म्हणत होती, "हळूच करतेय, तुम्हीच थरथरताय." आणि मग अंधाऱ्या खोलीत कौल सरकावं तसा एक बारीक कवडसा माझ्या पोटातून आरपार गेला. तिने पदराने पुसलं, डोळा लावला. चकती दिसली. तिच्यामागे डोंगर दिसला.

"आता व्हा बाजूला," ती म्हणाली. "तुम्ही दुर्बिणीवर बसा. मी बोलते माझ्या बहिणीशी."

सूर्य पश्चिमेच्या कड्याकडे झुकला होता. तो कडा आमच्या चौकीला लागूनच. त्यामुळे आमचं ऊन नेहमी आधी जायचं, समोरच्या डोंगरावर थोडं रेंगाळायचं. ताईने खटका दाबला. "आहे. आहे. ताई आहे."

पलीकडे काही नाही. मग एकदम तारा फुटला. मास्तर ओरडले, "पाहिलं म्हणतोय! पाहिलं!"

तिने सांगायला सुरुवात केली. एकेक अक्षर, एकेक चमक. बाळाचे कपडे काढा. आईच्या उघड्या छातीवर ठेवा, वरून पांघरूण घाला. पायाचे तळवे चोळा, जागं करा. शब्दागणिक उत्तराची चमक येत होती. मग ती चमक यायची थांबली.

"थांब," मास्तर म्हणाले. "उत्तर नाही. पुढे पाठवायचं नाही, नियम आहे."

"तो आत गेला असेल, मी सांगितलं तेच करायला. एकटा माणूस, बायकोपाशी बसेल की आरशापाशी? बाहेर येईल तेव्हा त्याला ही चमक चालू दिसली पाहिजे." आणि तिने तीच वाक्यं पुन्हा पाठवायला घेतली. दूध पिळून थेंब काढा. बोटाने ओठांना लावा. घाबरू नका. थेंब काढा. ओठांना लावा. घाबरू नका. सूर्य सरकत होता, ती स्क्रू पिळत होती. दारातल्या पाळण्यात तिचं बाळ रडायला लागलं. मास्तरांनी दुर्बिणीवरचा डोळा न काढता पाय लांबवून दोरी ओढली. मी त्या उजेडाला माझ्याकडचं सगळं दिलं. एक कणही वाया जाऊ दिला नाही.

कड्याची सावली आली. आधी तिवईवर चढली, मग माझ्यावर. मी विझलो.

आता आम्ही फक्त बघू शकत होतो. समोरचा डोंगर अजून सोनेरी होता, आणि त्याच्यावर काही हलत नव्हतं. ताई दगडावर बसली. तिचे दोन्ही हात मांडीत पडले होते, अंगठ्याला सुई टोचून रक्त आलं होतं, तिला पत्ता नव्हता. मास्तर दुर्बिणीवर. त्या डोंगरावरचं ऊनही पायथ्यापासून वर वर सरकत चाललं.

अगदी शेवटी, माथ्यावर जेमतेम पट्टा उरला होता तेव्हा, तो चमकला. मास्तर अक्षरं मोठ्याने वाचू लागले.

"प्याली," ते म्हणाले. "ताई, प्याली म्हणतोय." बायकोला ताई म्हटलं हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

त्यानंतर अक्षरं आली नाहीत. पलीकडून साडूंनी खटका नुसता दाबूनच धरला होता. अखंड उजेड येत होता. नियमात त्याला काही अर्थ नव्हता. सूर्य जाईपर्यंत तो आमच्या अंगावर पडत राहिला. त्या माणसाला काय म्हणायचं होतं, ते आम्हाला तिघांनाही कळलं.

ताई उठली. चुलीतलं जळतं लाकूड आणलं, चौकीपुढे काटक्या रचल्या आणि जाळ केला. मास्तर म्हणाले, "आता कशाला?" ती म्हणाली, "पाहिलं म्हणून कळवायला नको?" तो म्हातारा जाळ, माझा खापरपणजोबा, बारीक होता पण उंच उठला. एकच गोष्ट त्याला सांगता येत होती, आणि त्या वेळी सांगण्यासारखी तेवढीच होती.

पुढे डोंगरावर तारेचे खांब आले. तारेतून वीज बोलू लागली. तिला ढगांचं भय नव्हतं, सूर्याची गरज नव्हती. चौक्या बंद झाल्या. मास्तरांनी अर्ज करून मला मागून घेतलं, आणि ताईने मला आपल्या भाचीला, त्या दूध न पिणाऱ्या मुलीला, तिच्या लग्नात दिलं. तिच्या नवऱ्याने दाढी करायला मला खिडकीशी टांगलं. "तुझ्या मावशीने दिलेल्या आरशात मला नाकच नाही," असं तो रोज म्हणायचा. नंतर नवा मोठा आरसा आला आणि मी कपाटावर गेलो. धूळ बसली. पारा उडू लागला. वर्षानुवर्षं माझ्या वाट्याला छत होतं, आणि एक कोळी.

पण कान उघडे होते. घरातली मुलं मोठमोठ्याने धडे वाचत, ते ऐकून मला जगाची खबर लागे. जहाजांवर झडपांचे दिवे बसले, ते रात्रीही बोलतात. कुणी एकाने पातळ आरशामागे तोंड नेऊन शब्द उच्चारले. आवाजाने आरसा थरथरला, त्यावरचा सूर्यकिरण थरथरला, आणि लांबवर त्या थरथरीतून पुन्हा आवाज काढला! कपाटावर पडल्या पडल्या माझ्या अंगावर काटा आला. माझ्याच कुळातला कुणीतरी चक्क बोलला होता.

आता ती भाची म्हातारी झाली आहे. मला खाली काढून, पुसून तिने टेबलाशी ठेवलं आहे. तिची नात तारा जोडते. म्हणजे लोक तारा म्हणतात. असतात ते काचेचे धागे, केसाएवढे. त्यांतून उजेड जातो. परवा तिने घरी एका धाग्याचं वेटोळं आणलं होतं.

"आणि पारा कुठे चढवतात याला?" आजीने विचारलं.

"पारा नाही गं. उजेड आतल्या आत काचेच्या कडेवर आपटत जातो, बाहेर पडत नाही. वळणावरसुद्धा."

"मग यात दिसत का नाही काही?"

"कामाचा उजेड डोळ्यांना दिसत नाही. आणि टोकाला डोळा लावू नकोस हं, डोळा जाईल."

"माझ्या डोळ्यात राहिलंय काय आता जायला?" आजी म्हणाली. "बरं, एका धाग्यातून किती माणसं बोलतात?"

"शहरंच्या शहरं, आजी. एकाच वेळी."

आजीने वेटोळं हातात घेऊन उलटंपालटं करून पाहिलं. सूर्याला मी एकट्याने जिच्यावरून नेलं ती माझी दरी मला आठवली, आणि एका केसात मावणारी शहरं.

मग नातीने तपासणीचा तांबडा दिवा धाग्याच्या एका टोकाला लावला. धागा कुठे तुटला असेल तर तिथे तो उजेड बाहेर पडतो, असं ती म्हणाली. तुटलेला नव्हता. वेटोळं काळोखंच राहिलं, आणि दुसऱ्या टोकातून एक तांबडा कण बाहेर पडून माझ्यावर टेकला. माझ्या फुटक्या पाऱ्यानेही तो झेलला आणि छतावर फेकला. आजी, नात आणि तो कोळी, सगळे वर बघत राहिले.

मित्रांनो, माझ्यापाशी आता फार दिवस नाहीत. तेव्हा एवढंच मागतो. जुनी वस्तू हाती आली तर तिच्यातलं व्यंग बुजवण्याआधी, ते कशासाठी आहे, हे कुणाला तरी विचारा. आणि तुमच्या हातात जो उजेड आहे, ज्यातून तुम्ही दिवसभर बोलता, तो मोठ्या कष्टाने इथवर आला आहे. तो एका श्वासात दरी ओलांडतो, समुद्र ओलांडतो. पण पलीकडच्या टोकाला कुणी जागेवर नसेल, तर तो नुसता उजेडच राहतो. कुणी विचारलं, "आहात का?" तर हातातलं काम बाजूला ठेवा. सूर्य जायच्या आत उत्तर द्या.